आकार हेच औषध

इन्सुलिनच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला कागद फारसं कुणी वाचत नाही. त्यावरच्या साठवणुकीच्या सूचना मोजक्या असतात: दोन ते आठ अंश सेल्सिअसला ठेवा, ऊन लागू देऊ नका, जोरात हलवू नका, आणि एकदा गोठलं तर वितळवून वापरू नका, टाकून द्या. पॅरासिटामॉलच्या पट्टीबरोबर असलं काही येत नाही. ती कपाटाच्या खणात, ऑफिसच्या पिशवीत, एसटीच्या प्रवासात कुठेही राहते आणि मुदत संपेपर्यंत काम देते. दोन्ही औषधं एकाच दुकानातून येतात. मग एकाला इतकं जपावं का लागतं, हा प्रश्न मधुमेही माणसाच्या घरात कधी ना कधी पडतोच. डॉक्टरांना तो विचारायला वेळ नसतो, दुकानदार "फ्रिजमध्ये ठेवा" एवढंच सांगतो. या पुस्तकाचा जन्म त्या प्रश्नातून झाला.

अ‍ॅस्पिरिनच्या एका रेणूत २१ अणू असतात. इन्सुलिनच्या रेणूत ७८८. कर्करोगावर किंवा संधिवातावर जी प्रतिपिंडं सलाइनमधून वा इंजेक्शनने देतात, त्यांच्या एका रेणूत २० हजारांच्या आसपास. पण भेद केवळ लहानमोठेपणाचा नाही. अ‍ॅस्पिरिन कुठल्याही कारखान्यात, कुठल्याही मार्गाने बनवा. शुद्ध असेल तर रेणू तोच. प्रथिनाचं तसं नसतं. अमिनो आम्लांची माळ एकही मणी न चुकता ओवली, तरी ती नेमक्या रीतीने दुमडली नाही तर हाती औषध लागत नाही, गाळ लागतो. प्रथिनाचा गुण त्याच्या आकारात असतो, आणि तो आकार फार नाजूक बंधांनी धरून ठेवलेला असतो.

आपल्याकडे प्रथिनांची रचना जीवरसायनशास्त्राच्या वर्गात शिकवतात आणि जैविक औषधांचं उत्पादन औषधनिर्माणशास्त्राच्या किंवा केमिकल इंजिनिअरिंगच्या. एका वर्गातल्या मुलांना रेणूचं रंगीत चित्र दिसतं, पण तो रेणू किलोच्या हिशेबात कसा करतात हे कळत नाही. दुसऱ्या वर्गातल्यांना टाक्या, पंप आणि गाळण्या पाठ असतात, पण त्या टाकीत सांभाळायचं काय आहे, हे चित्र डोळ्यांपुढे नसतं. मला ही फारकत घातक वाटते. पेशी निवडण्यापासून कुपी भरण्यापर्यंत कारखान्यातला प्रत्येक टप्पा एका विशिष्ट आकाराला जन्म देण्यासाठी किंवा तो मोडू न देण्यासाठी असतो. रचना समजली नाही तर उत्पादन ही नुसती कृतींची जंत्री उरते.

इन्सुलिनपासून सुरुवात करण्याचं कारण ते आपल्या घराघरांत आहे एवढंच नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या १०.१ कोटी आहे, हे खरंच. पण त्याहून मोठं कारण हे की प्रथिनाला औषध बनवण्याच्या वाटेवरचा जवळजवळ प्रत्येक मोठा टप्पा प्रथम इन्सुलिनने ओलांडला.

११ जानेवारी १९२२ या दिवशी टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाचा अर्क टोचण्यात आला. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी काढलेला तो अर्क अशुद्ध होता. सुई टोचली तिथे गळू झालं आणि साखर जेमतेम उतरली. त्यानंतरचे बारा दिवस जेम्स कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाने शुद्धीकरणात घालवले. २३ तारखेला पुन्हा इंजेक्शन दिलं, तेव्हा गुण आला. इन्सुलिनच्या गोष्टीत बँटिंग-बेस्ट ही जोडी सगळ्यांना ठाऊक असते, कॉलिपचं नाव मागे पडतं. मला मात्र तो या पुस्तकाचा पहिला नायक वाटतो. नको असलेली शेकडो प्रथिनं काढून टाकायची आणि हवं ते एकच, धडधाकट अवस्थेत मागे ठेवायचं, हे त्याने केलेलं काम आजही जैविक औषधांच्या कारखान्यातलं सर्वांत खर्चिक आणि सर्वांत जोखमीचं काम आहे.

पुढची साठ वर्षं हे औषध कत्तलखान्यांतून आलं. आठ औंस, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास इन्सुलिनसाठी डुकरांचे दोन टनांहून अधिक अवयव लागत. ते चालून गेलं, कारण निसर्गाने इथे औदार्य दाखवलं आहे. डुकराचं इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपासून एकाच अमिनो आम्लाने वेगळं आहे, गाईचं तीनने. हे समजलं केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांच्या कामानंतर. त्यांनी १९५५ पर्यंत इन्सुलिनच्या दोन्ही साखळ्यांतली अमिनो आम्लं क्रमवार लावून दाखवली: एकीत २१, दुसरीत ३०, आणि त्यांच्यातले गंधकाचे तीन पूल. प्रथिन म्हणजे काहीतरी अनिश्चित, चिकट मिश्रण नसून त्याची बांधणी शेवटच्या मण्यापर्यंत ठरलेली असते, हे त्या दिवसापासून निर्विवाद झालं.

क्रम कळला, आकार नाही. डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या स्फटिकाचं क्ष-किरणांनी घेतलेलं पहिलं छायाचित्र १९३५ मधलं. अशा छायाचित्रांतल्या ठिपक्यांवरून रेणूची त्रिमितीय रचना उलगडली १९६९ मध्ये. मधल्या चौतीस वर्षांत त्यांनी पेनिसिलिनची रचना सोडवली, बी-१२ जीवनसत्त्वाची सोडवली, १९६४ चं नोबेल मिळवलं, संधिवाताने हातांची बोटं वाकडी झाली, तरी इन्सुलिन सोडलं नाही. रचना जाहीर करणाऱ्या त्या निबंधाच्या लेखकांत एम. विजयन हे भारतीय नाव आहे. त्यांनीच पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रथिनांच्या स्फटिकशास्त्राची परंपरा रुजवली.

त्या रचनेत दिसलं ते असं. इन्सुलिनचे रेणू कुपीत सुटे राहत नाहीत. जोड्या करतात, आणि अशा तीन जोड्या जस्ताच्या दोन अणूंभोवती एकत्र येऊन सहांचं कडं करतात. शरीरात काम करायचं असतं एकेकट्या रेणूला. त्वचेखाली टोचल्यावर कडं सुटायला वेळ लागतो, म्हणून साधं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यावं लागतं. ज्यांनी हे पाळलंय त्यांना त्या अर्ध्या तासाचं ओझं माहीत आहे: टोचून बसायचं, आणि पाहुणे आले, कुकरची शिट्टी उशिरा झाली, तर साखर उतरण्याची भीती. जोडी नेमकी कुठे जुळते ते रचनेत दिसत होतंच. लांब साखळीच्या टोकाजवळच्या, २८ व्या आणि २९ व्या, अमिनो आम्लांची अदलाबदल केली तर जोडी सैल होते, आणि काम करणाऱ्या भागाला धक्का लागत नाही. असं केलेलं इन्सुलिन लिस्प्रो १९९६ मध्ये बाजारात आलं. ताटावर बसताना टोचलं तरी चालतं. ग्लार्जिनमध्ये उलटा हेतू साधला. तीन ठिकाणच्या फेरफारांमुळे ते आम्लधर्मी कुपीत विरघळलेलं राहतं आणि त्वचेखाली गेल्यावर बारीक साक्याच्या रूपात बसतं. तिथून ते सुमारे चोवीस तास हळूहळू सुटतं. ग्लार्जिन दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये मिसळू नका, असं नर्स बजावते, त्याचं कारण हेच: मिसळलं की आम्लता बदलते आणि साका सिरिंजमध्येच बसायला लागतो.

इतकं सविस्तर सांगण्यामागे हेतू आहे. रचनेचा अभ्यास हा प्रयोगशाळेतला उंची छंद आहे, त्याचा आजाऱ्याच्या खाटेशी काय संबंध, असं विचारणारे आजही भेटतात. लिस्प्रो आणि ग्लार्जिन हे त्यांना उत्तर आहे.

दुमडणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रात समजावून सांगायला खरवसाइतकं चांगलं उदाहरण नाही. नुकत्याच व्यालेल्या गाई-म्हशीच्या चिकात प्रतिपिंडं आणि त्यांच्यासारखी दुमडलेली प्रथिनं नेहमीच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त असतात. वाफेवर ठेवलं की उष्णतेने त्यांच्या घड्या उलगडतात, आत लपलेले तेलकट भाग बाहेर येतात, ते एकमेकांना चिकटतात आणि वडी पडते. नेहमीचं दूध कितीही उकळलं तरी असं थापलं जात नाही. वासराला वाचवणारी ती प्रतिपिंडं वडीत अजून आहेत, एकही अमिनो आम्ल हरवलेलं नाही, पण आकार गेला आणि त्याबरोबर गुणही गेला. औषधाच्या कुपीत हेच फार सावकाश, डोळ्यांना न दिसेल असं घडू शकतं. उन्हाने, बर्फाने, आणि हलवल्यामुळे उठणाऱ्या फेसानेसुद्धा, कारण हवेला भिडलेल्या पृष्ठभागावर प्रथिनं उलगडतात.

साखळी आपोआप दुमडते, तिला कुणी शिकवावं लागत नाही, हे ख्रिश्चन अँफिन्सेन यांनी रायबोन्यूक्लिएज या १२४ अमिनो आम्लांच्या विकरावर दाखवलं आणि १९७२ च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. साखळीला कुठे कुठे वळता येतं आणि कुठे नाही, याचा नकाशा त्याआधीच, १९६३ मध्ये, मद्रासला जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी काढला होता. जगात कुठेही नवी प्रथिनरचना सोडवली की ती 'रामचंद्रन नकाशा'वर ताडून पाहतात. भारतात, तुटपुंज्या साधनांत झालेलं हे काम आपल्या पाठ्यपुस्तकांत दोन ओळींत उरकलं जातं, याचा मला खेद आहे. म्हणून इथे त्याला पूर्ण प्रकरण दिलं आहे.

आता कारखान्याकडे. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात जेनेन्टेक आणि सिटी ऑफ होप इथल्या शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनची जनुकं रसायनांपासून जुळवून ई. कोलाय या जिवाणूत घातली. त्यातून आलेल्या औषधाला १९८२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. या नव्या वाटेची गरज किती होती ते पुढच्या तीन वर्षांत कळलं. वाढ खुंटलेल्या मुलांना मृत माणसांच्या पीयूष ग्रंथीतून काढलेलं वृद्धी संप्रेरक देत असत. त्यातून मेंदूचा एक असाध्य रोग पसरल्याचं १९८५ मध्ये उघड झालं. हिमोफिलियाच्या हजारो रुग्णांना तर रक्तापासून बनवलेल्या औषधातून एचआयव्हीची लागण झाली. प्रथिन माणसाचं हवं, पण माणसातून काढलेलं नको, ही निकड त्या मृत्यूंनी निर्माण केली.

जिवाणू स्वस्तात आणि झपाट्याने वाढतात. पण त्यांच्याकडून मानवी प्रथिनाची घडी नीट पडेलच असं नाही. पुष्कळदा ते त्याचे घट्ट गोळे करून पेशीतच टाकून देतात. मग ते गोळे युरियात विरघळवून, साखळी सरळ करून, पुन्हा दुमडू द्यावी लागते. अँफिन्सेनचा प्रयोग, हजारो लिटरच्या टाकीत. इन्सुलिनसाठी हे जमतं. चार साखळ्यांच्या, वर शर्करेच्या फांद्या असलेल्या प्रतिपिंडासाठी जमत नाही. त्यासाठी सस्तन प्राण्याची पेशी लागते. १९५० च्या दशकात अमेरिकेत थिओडोर पक यांच्या प्रयोगशाळेत एका चिनी हॅम्स्टरच्या अंडाशयातून वेगळ्या केलेल्या पेशींचे वंशज आज जगातल्या बहुतेक प्रतिपिंड-औषधांचे कारागीर आहेत.

या पेशी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून जपतात. त्यातली एक कुपी काढून आधी चंबूत, मग लहान टाकीत, मग मोठ्या बायोरिअ‍ॅक्टरमध्ये, असं वाढवत नेतात. साधारण दोन आठवडे ३७ अंशांच्या आसपास तापमान, प्राणवायू, आम्लता, ग्लुकोज यांवर रात्रंदिवस नजर असते. मग पेशी गाळून टाकतात आणि उरलेल्या द्रवातून प्रतिपिंड वेचायचं असतं. इथे पुन्हा रचना मदतीला येते. स्टॅफिलोकॉकस जिवाणूच्या पृष्ठभागावरचं 'प्रोटीन ए' प्रतिपिंडाच्या वाय आकाराचा दांडा नेमका धरतं. ते चिकटवलेल्या मण्यांच्या स्तंभातून द्रव सोडला की प्रतिपिंड अडकतं, बाकी सगळं वाहून जातं. आम्लधर्मी द्रावणाने ते सोडवून घेतात, आणि त्याच आम्लात काही काळ ठेवून अनेक जातींचे विषाणू निकामी करतात. आम्ल जास्त झालं तर प्रतिपिंडच उलगडेल, कमी पडलं तर विषाणू वाचेल. या अरुंद पट्टीत रोज काम करणाऱ्या तंत्रज्ञांबद्दल मला मनापासून आदर आहे.

शर्करेच्या फांद्यांकडे फार काळ पुरेसं लक्ष दिलं गेलं नव्हतं. मग सेटुक्सिमॅब या कर्करोगावरच्या प्रतिपिंडाने अमेरिकेच्या आग्नेय राज्यांतल्या काही रुग्णांना पहिल्याच डोसला जीवघेणी अ‍ॅलर्जी होऊ लागली. २००८ मध्ये कारण सापडलं. ते औषध उंदराच्या पेशींत बनत होतं, आणि त्या पेशी प्रतिपिंडावर अशी एक शर्करा चढवत होत्या जी माणसाच्या शरीरात तयार होत नाही. तिकडच्या एका गोचिडीच्या चाव्यामुळे लोकांच्या रक्तात त्या शर्करेविरुद्ध प्रतिपिंडं आधीच तयार होती. साखळी बरोबर, घडी बरोबर, आणि तरी कोणत्या पेशीत बनवलं यावर माणसाचा जीव अवलंबून राहिला.

महाराष्ट्राचं या विषयाशी नातं जेनेन्टेकच्या कितीतरी आधीचं आहे. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ पासून असलेल्या हाफकिनच्या प्रयोगशाळेत प्लेगची लस बनत होती, आणि पुढे तिथे घोड्यांच्या रक्तातून सर्पविषावरची प्रतिपिंडं बनू लागली. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे हाफकिनला जात. त्यातूनच अशी प्रतिपिंडं आपणच का बनवू नयेत हा विचार निघाला आणि १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. २००३ मध्ये वोखार्टने देशी बनावटीचं मानवी इन्सुलिन बाजारात आणलं. हिंजवडीची जेनोव्हा हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज बनवते. सीरमच्या कोव्होव्हॅक्स लशीतलं कोरोनाचं काटा-प्रथिन बनतं एका अळीच्या पेशींत. तीच अमेरिकन लष्करी अळी, जी २०१८ पासून आपल्या मक्याची शेतं फस्त करते आहे. त्या प्रथिनात दोन जागी मुद्दाम प्रोलीन घातलेलं आहे, म्हणजे पेशीत शिरण्यापूर्वीचा त्याचा आकार टिकून राहील आणि शरीर त्याच आकाराविरुद्ध प्रतिपिंडं करायला शिकेल.

मूळ औषधाचं पेटंट संपल्यावर दुसऱ्या कंपन्या जे बनवतात त्या बायोसिमिलरबद्दल वाचकांच्या मनात सर्वांत जास्त शंका असणार, हे मी जाणतो. भारतात डॉ. रेड्डीज कंपनीने रिटुक्सिमॅबची अशी आवृत्ती २००७ मध्येच आणली; त्यासाठीची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं २०१२ मध्ये आली आणि २०१६ मध्ये सुधारली गेली. ही औषधं 'डुप्लिकेट' नव्हेत. हुबेहूबही नव्हेत, कारण दोन वेगळ्या पेशीवंशांतून शर्करेची फांदी न् फांदी सारखी येऊच शकत नाही. मूळ कंपनीच्याही दोन घाण्यांत ती अगदी तंतोतंत सारखी नसते. खरा प्रश्न हा की फरक कुठे आहे, किती आहे आणि त्याने रुग्णाला काही होतं का. १९९८ मध्ये युरोपात, लाल पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या एका मूळ ब्रँडच्या कुपीतलं केवळ स्थिर ठेवणारं द्रव्य बदललं, आणि पुढच्या चार वर्षांत काही रुग्णांच्या शरीराने स्वतःच्याच एरिथ्रोपोएटिनविरुद्ध प्रतिपिंडं तयार करून लाल पेशी बनणंच थांबवलं. संशयाची सुई रबरी बुचापर्यंत गेली. त्यामुळे माझं मत असं: स्वस्त म्हणून नाक मुरडू नये, आणि परवानगी आहे म्हणून तपासणीचा आग्रहही सोडू नये. स्तनाच्या कर्करोगावरचं ट्रास्टुझुमॅब परवडत नाही म्हणून उपचार अर्धवट सोडणाऱ्या बाईसाठी चांगलं बायोसिमिलर हाच जगण्याचा मार्ग असतो, आणि तिला ते चांगलंच मिळालं पाहिजे.

शेवटची प्रकरणं संगणकाकडे वळतात. १९७१ मध्ये प्रथिनरचनांची जागतिक पेढी सात रचनांनिशी सुरू झाली. आज तिथे दोन लाखांहून जास्त आहेत. त्या ठेव्यावर शिकलेल्या अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीने कोट्यवधी साखळ्यांचे आकार वर्तवले, आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेमिस हसाबिस, जॉन जम्पर आणि डेव्हिड बेकर यांना मिळालं. वर्तवलेला आकार म्हणजे कुपीतलं औषध नव्हे, हे पुस्तक वाचणाऱ्याला वेगळं सांगावं लागणार नाही. पण संगणकावर नवी प्रथिनं रेखणाऱ्या बेकर यांच्या गटाचं एक काम आपल्या अगदी जवळचं आहे.

भारतात सर्पदंशाने २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज आहे. बहुतेक शेतकरी, शेतमजूर, अंगणात झोपलेली मुलं. त्यांच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात असतं ते घोड्याच्या प्रतिपिंडांचं औषध: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी एकच. ते गोठवून सुकवलेल्या पावडरीच्या रूपात येतं, म्हणजे वीज नसलेल्या ठिकाणीही आकार टिकावा. पाणी घातल्यावर कुपी हलक्या हाताने फिरवायची असते, खळखळून हलवायची नसते. घोड्याचं प्रथिन असल्यामुळे अ‍ॅलर्जीची भीती असते. शिवाय ते बनवायला लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. बेकर यांच्या गटाच्या, जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात संगणकावर आकार रेखून, जिवाणूंत बनवता येतील अशी छोटी प्रथिनं तयार केली गेली. नागाच्या कुळातल्या विषांतल्या एका मोठ्या गटाला त्यांनी पकडलं आणि उंदीर वाचले. माणसांवरच्या चाचण्या पुढे आहेत. घोणस आणि फुरशाच्या विषात मुख्य भार ऊती आणि रक्त नासवणाऱ्या विकरांचा असतो, त्यांची रचना वेगळी, आणि त्यांच्यासाठी वेगळी प्रथिनं रेखावी लागतील. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात कोणत्या सापाच्या विषात कोणतं प्रथिन किती, हे मोजण्याचं काम त्याआधी व्हायला हवं. ते इथल्याच प्रयोगशाळांत, इथल्याच विद्यार्थ्यांच्या हातून होऊ शकतं, आणि शेवटचं प्रकरण मी त्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे.